विदूषकी क्लृप्त्या, बालरंजनातील

धावता धावता घसरून पडणे, बसू जावे तोच खुर्ची मागे सरकणे, एकाला मारलेला फटका भलत्यालाच बसणे, घरभर शोधलेली टोपी अखेर स्वतःच्याच डोक्यावर सापडणे, पाण्याची म्हणून अंगावर उपडी केलेली बादली कागदाच्या कपट्यांची निघणे, ह्यांसारख्या छोट्या विनोदी कृतींना विदूषकी क्लृप्त्या असे म्हणता येईल. त्या मुख्यतः शारीरिक हालचालींवर आधारलेल्या असतात. भाषेचे साहाय्य त्यांत फारसे घेतलेले नसते. इंग्रजी रंगभूमीवर त्यांना ‘गॅग’, तर इटालियन रंगभूमीवर ‘लाझी’ अशी संज्ञा आहे. सर्कस, बाहुल्यांचे खेळ, बालनाट्य आणि शाळांतील स्नेहसंमेलने ही त्यांची आजची मुख्य क्षेत्रे होत. प्राथमिक शाळेतील, म्हणजे साधारणतः सहा ते दहा वर्षे वयाची मुले हा त्यांचा सर्वांत हुकमी प्रेक्षक मानला जातो. तथापि ह्यांपैकी बहुतेक क्लृप्त्या मुलांसाठी निर्माण झालेल्या नव्हत्या. त्या प्रौढांच्या बाजारांतून, जत्रांतून व नाटकगृहांतून मुलांकडे आल्या आणि हे संक्रमण प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात घडले. त्यात क्लृप्तीचा सांगाडा फारसा बदलला नाही; बदलले ते तिचे लक्ष्य. कोणाला हसायचे, हा प्रश्न ह्या सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

भारतीय परंपरेत ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार फार पूर्वी झाला. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य अंगविकारातून, वाणीतून आणि वेशभूषेतून असे तीन प्रकारांनी निर्माण होते, असे म्हटले आहे. विदूषकी क्लृप्त्या ह्यांतील पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांत मोडतात. भरताने हसण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या असून स्मित व हसित ह्या उत्तम पात्रांना, विहसित व उपहसित ह्या मध्यम पात्रांना, तर डोळ्यांत पाणी आणणारे अपहसित व कुशी धरून केलेले अतिहसित ह्या अधम पात्रांना नेमून दिल्या आहेत. ह्या मापाने पाहता दुपारच्या बालनाट्याचा अख्खा प्रेक्षकवर्ग अधमच ठरेल. नाट्यशास्त्रातील विदूषक बुटका, कुबडा, पुढे आलेल्या दातांचा आणि टकला आहे. शारीरिक व्यंग हे हास्याचे सहजप्राप्त साधन, ही समजूत त्या वर्णनात गृहीतच धरलेली आहे आणि ती पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली. मात्र संस्कृत नाटकांतील विदूषकाचा खरा विनोद खादाडपणा आणि भित्रेपणा ह्यांतून फुलतो. हे दोन दोष असे, की ते लहान मुलाला स्वतःच्या अनुभवावरून तत्काळ ओळखता येतात.

यूरोपमध्ये ह्या क्लृप्त्यांचा पहिला मोठा साठा सोळाव्या शतकातील इटालियन ‘कॉमेदिया देल्लार्ते’ ह्या नाट्यप्रकाराने जमविला. धंदेवाईक नटांनी मंडळी स्थापन करण्याविषयी केलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना करार पादुआ येथील असून तो १५४५ सालचा आहे. ह्या मंडळ्यांकडे लिहून काढलेली संहिता नसे. कथानकाचा आराखडा तेवढा ठरलेला असे आणि कथानक रेंगाळू लागले, की नट एखादी ठराविक ‘लाझी’ मध्येच पेरीत. भुकेने कासावीस झालेला नोकर आर्लेकिनो हवेतील माशी पकडतो, तिचे पंख उपटतो आणि मोठ्या चवीने ती खातो, ही त्यांतील एक प्रसिद्ध लाझी. आर्लेकिनोच्या हातात दोन पातळ फळ्या मुठीशी जोडून केलेली काठी असे. फटका हलका बसला, तरी फळ्या एकमेकींवर आपटून आवाज मात्र कडाडून होई. ह्या काठीच्या इंग्रजी नावावरूनच धसमुसळ्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ हे नाव पडले. दणका मोठा पण इजा शून्य, हे बालरंजनातील मारामारीचे तत्त्व अशा रीतीने एका लाकडी साधनात आधीच सिद्ध झालेले होते. ह्या नाटकांतील शृंगार आणि चावटपणा मात्र पूर्णपणे प्रौढांसाठी होता.

आधुनिक सर्कशीचा जनक फिलिप ॲस्टली ह्याने १७६८ मध्ये लंडन येथे वेस्टमिन्स्टर पुलाजवळ घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. त्याच्या खेळांतील ‘ब्रेंटफर्डला निघालेला शिंपी’ ही क्लृप्ती पुढे जगभर पसरली. घोड्यावर कधीही न बसलेला एक शिंपी स्वार होऊ पाहतो; तो उलटा बसतो, घसरतो, घोडा हलेना म्हणून आर्जवे करतो आणि घोडा सुटला, की मानेला मिठी मारून किंचाळतो. अखेर घोडाच त्याच्या मागे लागतो. मुळात ही राजकीय टवाळी होती. १७६८ मधील मिडलसेक्सच्या निवडणुकीचे मतदान ब्रेंटफर्ड येथे झाले होते आणि हा शिंपी लोकप्रिय उमेदवार जॉन विल्क्स ह्याला मत देण्यासाठी निघालेला दाखविला जाई. पुढे विल्क्स विस्मृतीत गेला, ब्रेंटफर्डचा संदर्भही कोणाला उमगेनासा झाला, आणि शिंपी मात्र घोड्यावरून पडतच राहिला. संदर्भ गळून पडला, की प्रौढांचा उपहास मुलांचा खेळ होतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

ह्या क्लृप्त्या मुक्या का राहिल्या, ह्यालाही ऐतिहासिक कारण आहे. इंग्लंडमध्ये १७३७ च्या कायद्याने संवादयुक्त नाटके करण्याचा अधिकार मोजक्या परवानाधारक नाटकगृहांपुरताच मर्यादित केला आणि ही व्यवस्था १८४३ पर्यंत टिकली. इतर रंगगृहांना नृत्य, संगीत आणि मूकाभिनय ह्यांवरच भागवावे लागे. साहजिकच शब्दावाचून हसविण्याची कला तेथे अतिशय सूक्ष्म झाली. मुलांची भाषा अपुरी असते म्हणून हा विनोद मुका झाला, असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात तो आधी कायद्याने मुका झाला आणि नंतर मुलांच्या उपयोगी पडला.

ह्या कलेचा सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) होय. इटालियन वंशाच्या नृत्यशिक्षकाचा हा मुलगा वयाची तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच लंडनच्या रंगमंचावर उभा करण्यात आला. १८०६ च्या डिसेंबरमध्ये कॉव्हेंट गार्डन येथे सुरू झालेल्या ‘मदर गूज’ ह्या पँटोमाइमने त्याची कीर्ती सर्वतोमुखी केली. पांढऱ्याफटक चेहऱ्यावर गालांवरील लाल त्रिकोण ही त्याची रंगभूषा होती. तिचा प्रभाव एवढा, की इंग्रजीत विदूषकाला दीर्घकाळ त्याच्याच नावावरून ‘जोई’ म्हटले जाई. खाटकाच्या दुकानातून मांसाच्या वळ्यांची लांबलचक माळ पळविणे, दुकानाच्या उंबऱ्यावर लोणी फासून येणाराजाणारा पडेल अशी व्यवस्था करणे, तापवून लाल केलेली सळई बेसावध माणसाच्या पाठीमागे नेणे हे त्याच्या परंपरेतील विदूषकाचे नेहमीचे उद्योग. चोरी, लबाडी आणि खादाडपणा ह्यांना तेथे शिक्षा होत नसे. १८२९ मध्ये लंडनला नवे पोलीस दल स्थापन झाल्यावर गणवेशातील शिपाई हा ह्या खेळांतील ठरलेला बळी बनला, हेही लक्षणीय आहे.

ग्रिमाल्डीची आणखी एक देणगी मुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. भाजलेली सफरचंदे विकणाऱ्या म्हातारीवरील ‘हॉट कॉडलिन्स’ हे गाणे म्हणताना तो कडव्याच्या शेवटचा शब्द गाळी. तो शब्द मद्याचा निदर्शक होता. प्रेक्षागृहातून तो एकमुखाने ओरडला जाई आणि मग ग्रिमाल्डी धक्का बसल्याचा आव आणून प्रेक्षकांनाच दटावी. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते विदूषकाने ठाऊक नसल्याचे भासविणे, ही बालरंजनाची किल्लीच होय. पँटोमाइममधील पात्राच्या मागे भूत येऊन उभे राहते. मुले जिवाच्या आकांताने ‘तुझ्या मागे!’ म्हणून ओरडतात. पात्र वळते तोवर भूतही वळसा घालते. पात्र मुलांना खोटे पाडते आणि मुले आणखी चेकाळतात. ही क्लृप्ती त्याच तत्त्वाचा विस्तार आहे. पडण्याआदळण्याने ग्रिमाल्डीचे शरीर पन्नाशीपूर्वीच निकामी झाले आणि १८२८ मध्ये त्याला रंगभूमीचा निरोप घ्यावा लागला. त्याच्या आठवणींचे संपादन तरुण चार्ल्स डिकिन्झने केले व ते १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पँटोमाइम हा मुलांचा नाताळातील खेळ झाला तो व्हिक्टोरिया राणीच्या काळात. मध्यमवर्गीय कुटुंबांत बाल्याला स्वतंत्र महत्त्व येऊ लागले. १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांचे जाळे पसरले. शाळा आली म्हणून सुटी आली आणि सुटीतील करमणुकीची एक बाजारपेठही आली. पंच व जूडी ह्या बाहुल्यांच्या खेळाची वाटचालही अशीच झाली. सॅम्युएल पेपिस ह्याने ९ मे १६६२ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन कलावंताचा बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली असून इंग्लंडमधील पंचच्या इतिहासाचा आरंभ तेथून धरतात. सोंगट्याएवढा हा पंच बायकोला, शिपायाला, फाशी देणाऱ्याला आणि सैतानालाही काठीने बडवतो. असला खेळ मुलांना दाखवावा काय, हा वाद जुनाच आहे. डिकिन्झने १८४९ मधील एका पत्रात त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले : पंच हा वास्तवापासून मिळणारा एक अतिरंजित विसावा आहे, त्याच्या वागण्याकडे कोणी अनुकरणीय म्हणून पाहत नाही आणि त्याला बोधप्रद केले, तर त्याची गोडीच नाहीशी होईल. हे मत सर्वस्वी ग्राह्य मानता येत नाही. शिपाई आणि सैतान ह्यांना बसणारा मार आणि जूडीला बसणारा मार एकाच पारड्यात घालता येत नाहीत. पहिल्यात दुबळा सबळाला मारतो, दुसऱ्यात उलट घडते. अलीकडील अनेक बाहुलीकारांनी जूडीच्या माराचा भाग सौम्य केला किंवा गाळला आणि पंचचा सामना मगरीशी व वळ्यांच्या माळेशी अधिक लावला. त्यामुळे खेळाचे काही बिघडल्याचे दिसत नाही.

फ्रान्समधील लीयाँ येथे लोराँ मूर्गे ह्या दात काढणाऱ्या कारागिराने १८०८ च्या सुमारास निर्माण केलेला ‘गिन्योल’ हा हातबाहुला रेशीम विणणाऱ्या कामगारांचा आवडता होता आणि घरमालक व शिपाई हे त्याचे शत्रू होते. त्याचेही पुढे पॅरिसच्या उद्यानांत मुलांच्या खेळात रूपांतर झाले. जर्मन भाषक प्रदेशातील ‘कास्पर’ तर दुसऱ्या महायुद्धानंतर पोलिसांच्या वतीने शाळांतून रहदारीचे नियम शिकवू लागला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या शिपायाला बडवले, त्याने शिपायाची नोकरी पत्करावी, हा नियतीचा विनोद म्हणावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्कशीत दोन विदूषकांची जोडी रूढ झाली : चकचकीत पोशाखाचा, शहाणा, हुकूम सोडणारा श्वेतमुखी विदूषक आणि ढगळ कपड्यांचा, लाल नाकाचा, सतत चुकणारा ‘ऑगस्ट’. बर्लिनच्या रेन्झ सर्कशीतील टॉम बेलिंग हा १८६९ मध्ये चुकून रिंगणात शिरला व धडपडला आणि त्यातून ऑगस्टचा जन्म झाला, अशी आख्यायिका सांगतात. फ्रेंच अभ्यासक त्रिस्ताँ रेमी ह्याने ह्या जोड्यांच्या साठ पारंपरिक प्रवेशांचा संग्रह १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील मधमाशीचा प्रवेश नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. श्वेतमुखी विदूषक ऑगस्टला खुर्चीवर बसवितो, त्याला मधमाश्यांचा राजा करतो आणि आपण मध गोळा करून आणतो, असे सांगतो. तो रिंगणाला फेरी मारून तोंडात गुपचूप पाणी भरून येतो. ऑगस्ट ठरल्याप्रमाणे मध मागतो आणि पाण्याची चूळ त्याच्या तोंडावर येते. आता हीच गंमत तिसऱ्या कोणावर करावी म्हणून ऑगस्ट स्वतः माशी होतो, तोंडात पाणी भरतो; पण राजा झालेला इसम मध मागण्याचे वाक्यच उच्चारीत नाही. तोंड भरलेले, त्यामुळे ऑगस्टला ते वाक्य आठवूनही देता येत नाही. तो हातवारे करतो, कासावीस होतो, पाणी गिळतो, पुन्हा भरून आणतो आणि अखेर चूळ त्याच्याच अंगावर सांडते. पहिल्या वेळी मुलांना आश्चर्य वाटते. दुसऱ्या वेळी पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असते, आणि तिसऱ्या वेळी त्या ठाऊक असण्यालाच चकविले जाते. पुनरावृत्ती, अपेक्षा आणि अपेक्षाभंग ही त्रिपदी ह्या बहुतेक सर्व क्लृप्त्यांत आढळते. तिसरी खेप लवकर आली, तर हशा फुकट जातो. म्हणून कसबी विदूषक ती जितकी लांबविता येईल तितकी लांबवितो.

ह्या जोडीच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. पॅरिसमधील नूव्हो सर्कशीत इंग्रज फूटिट (१८६४–१९२१) आणि क्यूबात गुलाम म्हणून जन्मलेला, ‘शोकोला’ ह्या नावाने गाजलेला राफाएल पादिया (मृ. १९१७) ह्यांची जोडी अत्यंत लोकप्रिय होती. फूटिटने थप्पड मारायची आणि शोकोलाने ती खायची, हा त्यांच्या खेळाचा गाभा. फसगत झालेल्या माणसासाठी फ्रेंचमध्ये त्याच्या नावाचा वाक्प्रचारही रूढ झाला. येथे काठीच्या फळ्या पोकळ असल्या, तरी फटका पोकळ नव्हता. कारण हसणाऱ्या प्रेक्षकाचे आणि मार खाणाऱ्या नटाचे सर्कशीबाहेरील नातेही तेच होते. शोकोलाला बोर्दो येथे दारिद्र्यात मृत्यू आला.

त्यानंतरच्या पिढीने मार कमी करून वस्तूंना बोलके केले. फ्रातेल्लीनी बंधूंनी, म्हणजे फ्रांस्वा, पॉल आणि आल्बेर ह्यांनी जोडीचे त्रिकूट केले; आल्बेरच्या भडक, मोठ्या नाकाच्या रंगभूषेचे अनुकरण जगभर झाले. स्वित्झर्लंडचा ग्रॉक (१८८०–१९५९) पियानो वाजवायला बसतो. बैठक पियानोपासून दूर आहे, हे ध्यानात येताच तो उठतो आणि बैठक पुढे ओढण्याऐवजी तो अवजड पियानोच ढकलत बैठकीकडे आणू लागतो. येथे कोणालाही इजा होत नाही, कोणाचाही अपमान होत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही जे कळते ते एका मोठ्या माणसाला कळू नये, एवढ्यावरच सारा हशा उभा आहे. अमेरिकेत लू जेकब्झ (१९०३–९२) हा सहा फुटांहून उंच विदूषक अगदी चिमुकल्या मोटारीतून बाहेर येई, तेही ह्याच जातीचे.

शाळेत जाऊ लागलेल्या मुलालाच हा मूर्ख एवढा प्रिय का, ह्याचे मार्मिक विवेचन मार्था वोल्फेन्स्टाइन ह्या अमेरिकन विदुषीने १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुले महामूर्खांच्या तयार गोष्टी आणि कोडी आवडीने सांगू लागतात, असे तिला आढळले. ह्याच वयात ‘तुला येते की येत नाही’ ह्या कसोटीला मूल रोज सामोरे जाऊ लागते. मूर्ख ठरण्याची धास्ती त्याच्या मनात नव्याने घर करते आणि गोष्टीतला मूर्ख ती धास्ती स्वतःच्या अंगावर घेतो. विदूषकाचेही कार्य हेच आहे. फळ्यावर मुद्दाम चुकीची बेरीज करून स्वतःच बुचकळ्यात पडणाऱ्या शिक्षकाला जो हशा मिळतो, त्यातही सुटकेचा हाच आनंद असतो. मात्र त्याच शिक्षकाने वर्गातील एखाद्या मुलाची चूक फळ्यावर मांडून हशा मिळविला, तर तो हशा वेगळा. आठव्या-नवव्या वर्षांपासून द्व्यर्थी शब्दांची गंमत मुलांना कळू लागते, पडण्याआदळण्याची मातब्बरी कमी होते आणि ‘हे कसे केले?’ हा प्रश्न सुरू होतो. अगदी लहान मुलांपैकी काहींना रंगवलेल्या चेहऱ्याची भीतीही वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९८६ पासून रुग्णालयांतील मुलांसाठी काम करू लागलेल्या विदूषकांच्या पद्धतीचे पुढे अनेक देशांत अनुकरण झाले; हे विदूषक सामान्यतः रंगभूषा अगदी जुजबी ठेवतात.

चित्रपटाने ह्या क्लृप्त्या उचलल्या त्या जन्मापासूनच. ल्यूम्येअर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये दाखविलेल्या लघुपटांत एक मुलगा बागेतील पाण्याच्या नळीवर पाय देतो, पाणी थांबले म्हणून माळी नळीत डोकावतो आणि मुलगा पाय उचलतो, असे दृश्य होते. अमेरिकेतील कीस्टोन कंपनीने (स्थापना १९१२) पोलिसांची फजिती आणि तोंडावर फेकलेली मलईची पक्वान्ने ह्यांचा सुकाळ केला.

महाराष्ट्रात ह्या विनोदाच्या देशी परंपरा होत्याच. पोलिसाच्या वेशात दारोदार फिरून खोटाच दम भरणाऱ्या बहुरूप्यामागे मुलांचा घोळका असे. तमाशातील सोंगाड्याचा विनोद मात्र शब्दनिष्ठ व द्व्यर्थी असल्यामुळे तो प्रौढांचाच राहिला. यूरोपीय धर्तीचा विदूषक येथे आला तो सर्कशीबरोबर. कुरुंदवाड संस्थानच्या सेवेतील अश्वशिक्षक विष्णुपंत छत्रे ह्यांनी इटालियन कसरतपटू क्यारीनी ह्याच्या सर्कशीचा मुंबईतील खेळ पाहून १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभारली. केरळमधील तेलिचेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन ह्यांचे सर्कस प्रशिक्षण केंद्र (१९०१) हा ह्याच परंपरेचा विस्तार. भारतीय सर्कशीत विदूषकाचे काम बहुधा बुटक्या व्यक्तींकडे आले. त्यांच्यापैकी अनेकजण अव्वल दर्जाचे कसरतपटू होते, तरी तिकीट काढणारा प्रेक्षक हसे तो प्रथम त्यांच्या उंचीला, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्याने खुजेपणाचा समावेश अपंगत्वाच्या सूचीत केला आहे. मुलांना रिझविण्यासाठी मुलांनाच राबविण्याची प्रथाही सर्कशीत जुनी होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंद केली. तीन वर्षांच्या आतील ग्रिमाल्डीला जे संरक्षण मिळाले नाही, ते असे सव्वादोनशे वर्षांनी आणि दुसऱ्या देशात मिळाले.

मराठीत मुलांसाठी प्रौढ कलावंतांनी सातत्याने नाटके करण्याचा उपक्रम सुधा करमरकर (१९३४–२०१८) ह्यांच्या ‘लिट्ल थिएटर’ने १९५९ मध्ये सुरू केला, रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांचे ‘मधुमंजिरी’ हे त्याचे पहिले नाटक. मतकरींनी पुढे स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ ह्या नाटकातील चेटकिणीची भूमिका दिलीप प्रभावळकर ह्यांनी गाजविली. पुरुषाने वठविलेली ही चेटकीण भीतीचे हास्यात रूपांतर करण्याच्या क्लृप्तीचा उत्तम नमुना होय. २०१८ मध्ये ह्या नाटकाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा नातवंडांबरोबर आलेले अनेक आजी-आजोबा मुळातले प्रेक्षक होते. शब्दभ्रमकार य. के. पाध्ये ह्यांचा बोलका बाहुला ‘अर्धवटराव’ आणि त्याला पुढे त्यांचे पुत्र रामदास पाध्ये ह्यांनी दिलेले दीर्घायुष्य हाही ह्याच परंपरेचा भाग आहे. नाव अर्धवटराव, मांडीवर बसणारा, आकाराने मुलाएवढा. आणि तरी प्रत्येक वेळी निरुत्तर होतो तो त्याला मांडीवर घेऊन बसलेला मोठा माणूस.